उणे ऐंशीची खोली

नोकरीतून मोकळं झाल्यावर पुन्हा म्हणून दवाखान्याची पायरी चढायची नाही, असं बाईंनी ठरवून टाकलं होतं. उभी हयात रक्ताच्या नळ्यांमध्ये गेली होती. आता सकाळी उशिरा उठावं, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालावं, दुपारी जरा पडावं आणि संध्याकाळी लेकीचा फोन आला की नातवाची अगम्य बडबड ऐकावी, एवढाच त्यांचा बेत होता. तो बरा चाललाही होता. त्यामुळे प्रयोगशाळेतून डॉक्टरिणीचा फोन आला, तेव्हा त्यांनी आधी हात झटकूनच पाहिले.

डॉक्टरीण म्हणजे प्रयोगशाळेची नवी प्रमुख. पण बाईंच्या लेखी ती अजूनही ती शिकाऊ मुलगीच होती, जिने पहिल्याच आठवड्यात नळ्यांचा अख्खा स्टँड पालथा केला होता आणि मग फरशी पुसता पुसता मुसमुसून रडली होती. तिच्या हाताला वळण लावलं ते बाईंनी. आता ती मोठी झाली होती, परिषदांमध्ये भाषणं करत होती, पण फोनवर आवाज तोच. बाई, तुम्ही आल्याशिवाय हे व्हायचं नाही, असं ती म्हणाली आणि कामाचं सांगू लागली.

दवाखान्याची जुनी इमारत पाडायची होती. तिच्या तळमजल्यावर, मागच्या अंगाला, मोठ्या फ्रीजरांची खोली होती. उणे ऐंशी अंशांवर चालणारे ते फ्रीजर, आणि त्यांत वर्षानुवर्षं साठवलेलं रक्त. ज्यांच्या अंगात काविळीचा ब विषाणू मुक्काम ठोकून बसला आहे, अशी माणसं दर सहा महिन्यांनी दवाखान्यात येत. त्यांचं थोडं रक्त तपासायचं, थोडं पुढे कधी कामाला येईल म्हणून ठेवून द्यायचं, असा तो जुना उपक्रम होता. तशी लेखी परवानगी सगळ्यांनी दिलेली होती. कारण हा विषाणू पुढेमागे काहींच्या यकृतात कर्करोग उभा करतो, आणि यकृत तर असं सोशिक की पार हाताबाहेर जाईपर्यंत तक्रार म्हणून करत नाही. म्हणून ते बोलत नाही तोवर रक्तातच काही खूण सापडते का, ते पाहायचं.

त्या काळी खूण एकच हाताशी होती, एएफपी नावाचं प्रथिन. पोटातल्या बाळाचं यकृत ते भरपूर बनवतं, मूल जन्मल्यावर ते बनणं जवळजवळ थांबतं आणि यकृतात गाठ आली की काहींच्यात पुन्हा सुरू होतं. अडचण त्या 'काहींच्यात'ची होती. पुष्कळांच्या रक्तात गाठ चांगली वाढली तरी एएफपी आपलं जागच्या जागी. आता डॉक्टरिणीच्या हाती त्याच्या जोडीला आणखी दोन खुणा होत्या. तिन्ही मिळून मोजल्या आणि माणसाचं वय वगैरे धरून हिशोब केला, तर गाठ लवकर कळते का, हे तिला पडताळायचं होतं. त्यासाठी जुनं रक्त सोन्यासारखं. पुढे ज्यांना आजार झाला, त्यांचं आजारापूर्वीचं रक्त तिथे पडून होतं.

"पण रॅकवरची अक्षरं सगळी फिकी झालीत," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्याशिवाय ती लावणार कोण?"

अक्षराचं कारण खरं होतं. पण त्या खोलीत आणखी काय होतं, हे डॉक्टरिणीला ठाऊक नव्हतं आणि बाई क्षणभरही विसरल्या नव्हत्या. मग त्या "येते" म्हणाल्या आणि कपाटातून जुना पांढरा कोट शोधून काढला. कोट आता खांद्यांवर सैल होत होता.

खोली तशीच होती. दार उघडताच अंगावर येणारी ती घरघर, फ्रीजरांच्या पाठीतून बाहेर पडणारी ऊब, भिंतीवर ओलीचे तेच नकाशे. फ्रीजर आतून गार असले तरी खोली कायम भट्टीसारखी तापलेली असायची. बाईंनी जाड हातमोजे चढवले आणि पहिला फ्रीजर उघडला. पांढरी वाफ पायांवर सांडली. डॉक्टरीण शेजारी उभी होती, तिचा एक तरुण सहकारी खोकी घेऊन तयार होता, आणि बाईंना मात्र दुसराच कुणीतरी तिथे गुडघ्यांवर बसलेला दिसत होता.

त्याला सगळे थंडोबा म्हणत. फ्रीजर दुरुस्त करणारा दवाखान्याचा मेकॅनिक. एक तर काम थंडाव्याचं, आणि वर स्वभावही तसाच. कुणी कितीही आरडाओरडा करो, हा आपला सावकाश हत्यारांची पिशवी उघडणार, पक्कड काढणार, ती फडक्याने पुसणार आणि मग कामाला हात घालणार. बाई तेव्हा नुकत्या नोकरीला लागलेल्या, चटपटीत आणि तोंडाने तिखट. एका दुपारी फ्रीजर बंद पडला, तापमानाचा काटा भराभर वर चढू लागला, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि हा गृहस्थ शांतपणे मागची जाळी उघडून बसला.

"जरा घाई कराल का?" त्या म्हणाल्या. "आत काय आहे, कल्पना आहे का तुम्हाला?"

"मला वाटलं आइस्क्रीम असेल," तो मान वर न करता म्हणाला.

बाईंना इतका राग आला की हसूच फुटलं. काटा पुन्हा खाली उतरायला लागला तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. तो मात्र लगेच गेला नाही. आत कुणाचं रक्त आहे, ते का ठेवलंय, कधीपर्यंत ठेवणार, असं एकेक त्याने विचारून घेतलं. त्यानंतर तो फ्रीजर वरचेवर तपासायला येऊ लागला. इतक्या वेळा की प्रयोगशाळेत कुजबुज सुरू झाली. मशीनला काही झालेलं नाही, मेकॅनिकलाच काहीतरी झालंय, असं रक्त गोळा करणारी परिचारिका उघड म्हणायची, आणि बाई लाल होऊन मायक्रोस्कोपमध्ये डोकं खुपसायच्या.

लग्नाचं विचारायच्या आधी त्याने एक गोष्ट सांगून टाकली. कँटीनच्या मागच्या पायऱ्यांवर दोघं चहा पीत बसली होती. दवाखान्यात कर्मचाऱ्यांना लस द्यायची म्हणून सगळ्यांचं रक्त तपासलं होतं, त्यात त्याच्या रक्तात ब विषाणू निघाला होता. बहुतेक आईकडून, जन्मताच. आई पोटात पाणी होऊन गेली, तेव्हा कुणाला काही कळलं नव्हतं. धाकट्या भावाच्या रक्तातही तोच निघाला. "माझ्याकडे कायमचा पाहुणा आहे, तेव्हा तू नीट विचार कर," असं तो म्हणाला आणि कपातल्या चहाकडे बघत बसला. बाईंनी विचार केला नाही. त्यांची लस आधीच टोचून झाली होती. पुढे लेक जन्मली, तिलाही जन्मल्या जन्मल्या लस दिली. पाहुणा त्या घरात पुढे सरकू शकला नाही, याचा बाईंना फार अभिमान होता.

तो आपणहून त्या उपक्रमात सामील झाला. धाकट्या भावालाही, म्हणजे बाईंच्या दिरांना, ओढून आणलं. दर सहा महिन्यांनी दोघे भाऊ रांगेत बसायचे. नवऱ्याचं रक्त बाई स्वतः काढायच्या, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. बाही वर केलेला तो दंड, आतल्या बाजूची ती ठसठशीत शीर त्यांना डोळे मिटून सापडली असती. सुई टोचली की तो हमखास म्हणायचा, "घरी मागितलं असतंस तरी दिलं असतं." आणि त्याचीच नळी त्याच्याच फ्रीजरमध्ये जायची. फ्रीजरच्या दारावर हलकी थाप मारून तो म्हणायचा, नीट सांभाळ रे बाबा, ह्यात मी पण आहे.

अशी कितीतरी वर्षं गेली. एएफपी दर वेळी छान. ते मोजायच्या बाई स्वतः, आणि संध्याकाळी घरी आल्यावर चप्पल काढता काढता सांगायच्या, "छान आहे हो." तो मान डोलवायचा आणि कांदा चिरत राहायचा, कारण त्या दिवशी स्वयंपाक त्याच्याकडे असे. सोनोग्राफी तेव्हा वर्षातून एकदाच, तीही मशीन मोकळं असेल तर.

मग एकदा जड मोटर उचलल्यावर उजव्या बाजूला दाटल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. तपासलं तर गाठ मुठीएवढी होऊन शेजारच्या शिरेत शिरलेली. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. एएफपी तेव्हाही जेमतेम वाढलेलं. पानगळीत तो अंथरुणाला खिळला आणि झाडांना पालवी फुटायच्या आत गेला. शेवटपर्यंत कुणावर चिडला नाही. फक्त फ्रीजरच्या कामावर आलेल्या नव्या माणसाला घरी बोलावून, कुठल्या फ्रीजरची खोड काय आहे ते त्याला उशीवर टेकून समजावलं.

बोलले ते दीर. भावाच्या मागे माणसं पांगल्यावर बाईंसमोर बसून ते म्हणाले, "वहिनी, इतकी वर्षं रक्त घेतलंत. आणि कळलं कधी, तर दादाला दुखायला लागल्यावर." दिरांनी त्या दिवशी कानाला खडा लावला तो कायमचा. पुन्हा रक्त द्यायला आले नाहीत, विषाणू दाबून ठेवायच्या गोळ्याही सोडल्या. येणंजाणं राहिलं, पण त्यातली ऊब गेली. सणवार म्हणून, लेकीच्या परीक्षेचा निकाल म्हणून, कुणी आजारी म्हणून दोन शब्द बोलायचे एवढंच. बाईंना तर कितीतरी काळ एकच शंका पोखरत राहिली, की एएफपी मोजायचं मशीन लावताना आपलंच काही चुकत तर नव्हतं?

"बाई?" डॉक्टरीण म्हणाली. बाईंच्या हातात एक रॅक होता आणि त्या त्याच्याकडे नुसत्याच बघत होत्या. त्यांचंच अक्षर. नळ्यांवर नावं नव्हती, आकडेच होते, पण आपण दिलेला आकडा आपल्याला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

"ही नळी ह्यांची," त्या म्हणाल्या.

डॉक्टरिणीने सहकाऱ्याला काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवलं. मग हळूच म्हणाली, की तुम्हाला नको असेल तर हा रॅक आपण बाजूला ठेवू. बाईंनी मान हलवली. त्याने रक्त दिलं होतं ते कामाला यावं म्हणून. बाजूला ठेवलं तर तो काय म्हणाला असता? तो काही म्हणाला नसता, नुसतं बघितलं असतं, आणि ते जास्त लागलं असतं.

पुढचे काही आठवडे बाई रोज आल्या. बसमधून उतरायचं, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याला ओळख द्यायची, तळमजल्यावर जायचं. एकेक रॅक लागत गेला. आकड्यांबरोबर माणसं आठवत गेली. शाळेत घंटा द्यायचं काम करणारे आजोबा, त्यांना सुईची इतकी भीती की डोळे मिटून पाढे म्हणायचे. दोघी जुळ्या बहिणी, कुणाचं रक्त काढून झालं ते कळू नये म्हणून मुद्दाम जागा बदलायच्या. एक गलबतावरचा खलाशी, कुठल्याही बंदरात असो, ठरल्या महिन्यात हजर व्हायचा. त्यातले बरेचसे आता नव्हते. नव्या इमारतीतले नवे फ्रीजर आवाजही करत नव्हते. नळ्या तिकडे गेल्या आणि जुने फ्रीजर भंगारवाला घेऊन गेला, त्या दिवशी बाई मुद्दामच आल्या नाहीत.

निकाल येऊ लागले तेव्हा बाईंचं काम संपलं होतं. कुणाची नळी कुठली हे मोजणाऱ्यांना कळू द्यायचं नाही, हा नियमच होता, आणि एकेका माणसाचा निकाल घरी कळवायचा नाही, हाही. पण बाईंनी संशोधनाच्या नैतिकता समितीकडे लेखी विनंती केली. गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊ हयात आहे, त्याच्याही रक्तात तोच विषाणू आहे, त्याने तपासणी सोडली आहे, असं त्यांनी लिहिलं. समितीने होकार दिला. डॉक्टरिणीने त्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि टेबलापलीकडे न बसता खुर्ची ओढून शेजारी बसली.

"एएफपी शेवटपर्यंत कमीच होतं," ती म्हणाली. "तुमचे जुने आकडे आणि माझे नवे, सगळे जुळतात. तुमचं मोजणं तंतोतंत बरोबर होतं."

बाईंनी कागदावरचे आपले जुने आकडे एकदा वाचून पाहिले.

"पण बाकीच्या दोन खुणा वर जात होत्या. दुखायला लागलं, त्याच्या वर्षभर आधीच्या रक्तात तर अगदी स्पष्ट आहेत."

"तेव्हा गाठ केवढी असेल?"

"लहान असणार बहुतेक. नक्की नाही सांगता येत, बाई. आणि हेही सांगते, ह्या खुणांनी सगळ्यांचे आजार पकडलेले नाहीत. काही सुटलेत. काहींना उगाच घाबरवलंय. पण आधीपेक्षा बऱ्याच जणांचं लवकर कळलं असतं."

बाई उठल्या आणि कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन हात धुवू लागल्या. हाताला काही लागलं नव्हतं, पण सवय. साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, नखं चोळली. इतकी वर्षं मनात घर करून बसलेली शंका फिटली होती आणि त्याच जागी नवीन दुःख येऊन बसलं होतं. त्यांनी नवऱ्याची ती नळी हातात धरली होती. हलवली होती, आकडा घातला होता, फ्रीजरमध्ये ठेवली होती. त्यात सगळं होतं, आणि जगात कुणालाही तेव्हा ते पाहायची रीत नीट माहीत नव्हती. रागवायचं तरी कुणावर?

दुसऱ्या दिवशी त्या दिरांकडे गेल्या. दीर सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करत. दुकान म्हणजे एक लांबोडी खोली, त्यात उघड्या पडलेल्या खुर्च्या, स्प्रिंगांची वेटोळी, काथ्याचे ढीग आणि कापडाच्या गुंडाळ्या. दीर एका जुन्या सोफ्याला नवं कापड चढवत होते. तोंडात बारीक खिळे धरलेले, त्यामुळे "या वहिनी" हे त्यांनी भुवयांनीच म्हटलं. बाईंना ते बरंच पडलं. मधे तोंड घालणारा कुणी नव्हता. त्या स्टुलावर बसल्या आणि झालं ते सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

दिरांनी खिळे एकेक करून तोंडातून काढले आणि डबीत टाकले.

"म्हणजे दादा वाचला असता."

"हेच आज झालं असतं, तर कदाचित वाचले असते. तेव्हा नाही. तेव्हा हे मोजायची सोय आमच्याकडे नव्हती."

"तेव्हा तुम्ही छान आहे म्हणायचात."

"हो. जेवढं दिसत होतं तेवढं छानच होतं, भावजी."

दीर हातोडीचं डोकं अंगठ्याने चोळत राहिले. बाईंनी सांगितलं, की आता रक्त द्या, सोनोग्राफी करा, सोडलेल्या गोळ्या पुन्हा सुरू करा. ह्यानेही सगळं कळेलच असं नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. दिरांचं लक्ष दुसरीकडेच होतं. मग त्यांनी विचारलं,

"दादाचं रक्त अजून आहे?"

"आहे."

"मला बघायचंय."

नियमात ते बसतं की नाही, यावर डॉक्टरिणीने फार डोकं खाजवलं नाही. पुढच्या आठवड्यात दीर इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाईंनी त्यांना नव्या खोलीत नेलं, हातमोजे घातले आणि चिमटीएवढी एक नळी क्षणभर बाहेर काढून धरली.

"हे तर पिवळं आहे," दीर म्हणाले.

लाल पेशी काढून टाकतात, मागे उरतं ते पाणी असं पिवळसर दिसतं, असं बाईंनी समजावलं. दिरांनी वाकून पाहिलं. हात लावायचा नाही हे आधीच सांगितलं होतं, म्हणून त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, एखाद्या शहाण्या मुलासारखे. नळीवर बर्फाची बुरशी धरू लागली तशी बाईंनी ती आत ठेवली. दीर बाहेर आले, रांगेतल्या खुर्चीवर बसले आणि बाही वर केली.

"तुम्हीच काढा," ते म्हणाले.

बाईंनी इतक्या दिवसांत सुई धरली नव्हती. आता आपल्याला परवानगी नाही, असं म्हणून त्यांनी परिचारिकेला खूण केली, पण शेजारी बसून राहिल्या. दिरांचा दंड डोळ्यांसमोर आला आणि त्यांना जरा गलबललं. भाऊ दिसायला वेगळे होते, पण शीर तीच, त्याच जागी, तशीच ठसठशीत.

दिरांच्या रक्तातही त्या दोन खुणा चढलेल्या निघाल्या. एएफपी पुन्हा निर्मळ, जसं काही घडलंच नाही. सोनोग्राफीत काही दिसलं नाही. दीर म्हणाले, चला, सुटलो. पण डॉक्टरिणीने त्यांना सोडलं नाही. औषध टोचून एमआरआय केला, तेव्हा यकृताच्या अगदी वरच्या मागच्या कोपऱ्यात, सोनोग्राफीला सहसा सापडत नाही अशा ठिकाणी, बोराएवढी गाठ दिसली. डॉक्टरिणीने तिकडे बोट दाखवलं तेव्हा बाईंनी वाकून ती आपल्या बोटाच्या पेराशी ताडून पाहिली. दीर मात्र पडद्याकडे बघत विचारते झाले, "एवढीशी?"

"एवढीशीच असताना सापडायला हवी," डॉक्टरीण म्हणाली.

गाठीत सुई घालून ती आतल्या आत जाळून टाकली. दीर दोन दिवस दवाखान्यात होते. त्या दोन दिवसांत त्यांना दुखण्यापेक्षा पलंगाच्या गादीचाच जास्त त्रास झाला. गादी भरणाऱ्याने काम कसं अंग चोरून केलंय, ते त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दाबून दाखवलं. गोळी रोज आयुष्यभर घ्यायची आणि तपासायला दर तीन महिन्यांनी यायचं, असं ठरलं. पहिल्या फेरीला खुणा उतरल्या, दुसरीलाही खालीच राहिल्या. गाठ पुन्हा येऊ शकते, असं डॉक्टरीण प्रत्येक वेळी बजावते आणि दीर प्रत्येक वेळी "येऊ दे, पत्ता माहीत झालाय तुम्हाला" म्हणतात.

आता बाई अधूनमधून दुकानात जाऊन बसतात. दिरांना फार वेळ वाकून काम होत नाही, मग ते थांबतात, चहा मागवतात आणि गप्पा सुरू होतात. मधली इतकी वर्षं दोघांनीही त्याचं नाव काढायचं टाळलं होतं. आता एकदा धरण फुटल्यावर दीर थांबत नव्हते. बाईंना माहीत होता तो पक्कड पुसत बसणारा मेकॅनिक. त्याच्या आधीचा, अर्ध्या चड्डीतला, दिरांपाशी होता.

असंच एकदा त्यांनी शाळेतल्या नाटकाचं सांगितलं. दादाला राजाचं काम मिळालं होतं, कारण पोरांत सगळ्यात उंच तोच. एकच वाक्य होतं, 'ह्याला क्षमा करा'. आईने आठवडाभर घोकून घेतलं. पडदा वर गेला, चोराला पुढे आणलं आणि दादा गप्प. पुढचं काही आठवेना. पडद्याआडून मास्तर ओरडून ओरडून सांगतायत, चोर गुडघ्यांवर बसून घामाघूम झालाय, आणि हा आपला चोराकडे एकटक बघत उभा. शेवटी पुढे झाला, चोराला हाताला धरून उठवलं आणि स्वतःच्या सिंहासनावर बसवलं.

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काय, टाळ्या. मास्तरांनाही कळेना की हा विसरला की ह्याने ठरवून केलं. आईने घरी विचारलं तर म्हणाला, तो बिचारा दमला होता."

बाई हसल्या. हसता हसता त्यांना डोळे पुसावे लागले. इतका संसार केला, पण हे त्याने कधी सांगितलं नव्हतं. बाहेर रस्त्यावर ऊन उतरलं होतं आणि समोरच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. चहाचा कप दोन्ही हातांत धरून बाई स्टुलावर जरा पुढे सरकल्या.

"त्या चोराचं काम कुणी केलं होतं?" त्यांनी विचारलं.

"मी," दीर म्हणाले.